पाहुण्यांना काय दाखवायचे?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की फोन सुरू होतात. कोणी पुण्याहून, कोणी कोकणातून. सलाम-दुआ होते, मुलांची चौकशी होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "यायचे तर आहे, पण रावेरला पाहण्यासारखे काय आहे?" आपल्याकडचे लोक "केळी" म्हणतात आणि हसतात. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. पहिला दिवस आणि रात्र खास आदराची, त्यानंतरचे नेहमीच्या सरबराईचे, आणि तीन दिवसांपुढे जे होईल तो सदका. त्याच हदीसमध्ये पाहुण्यालाही बजावले आहे की घरच्यांची अडचण होईल इतके मुक्काम ठोकू नये. (हा भाग दस्तरखानावर सहसा कोणी ऐकवत नाही!) पण या तीन दिवसांचा अर्थ आपण सहा दावती असा लावून घेतला. घरातल्या बायका तिन्ही दिवस स्वयंपाकघरात. पाहुणी आलेली भाभी संकोचाने तिथेच बसून कांदा चिरते. पुरुष बैठकीत, मुले मोबाइलवर. चौथ्या दिवशी सगळे जड पोटाने स्टेशनवर. चिपळूणहून आलेल्या माणसाने रावेरचे काय पाहिले? आमचे छत आणि आमचा कुकर.

मागच्या ऑक्टोबरात बी.एड.च्या वेळचे आमचे एक स्नेही सहकुटुंब चिपळूणहून आले, तेव्हा आम्ही आधीच सांगून टाकले: एक वेळचे जेवण घरी, बाकी बाहेर, आणि सर्वांनी बरोबर निघायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे थोडे खटकले. पाहुणे आले आणि बिर्याणी नाही? पण पाहुण्यांच्या घरातूनच याला पहिली दाद मिळाली. भाभी म्हणाल्या, "बिर्याणी चिपळूणलाही मिळते."

पहिला दिवस केळीच्या बागेचा. हे दिवस त्यासाठी चांगले. पाऊस संपलेला असतो, ऊन अजून टोचत नाही, सातपुड्यावरचे गवत हिरव्याचे पिवळे होऊ लागते आणि कपाशीची बोंडे फुटून वेचणी चालू असते. कोकणातल्या माणसाला केळ म्हणजे परसातली चार खोडे. इथे एका बांधावर उभे राहिले की दुसरा बांध दिसत नाही. जून-जुलैत लावतात ती मृगबाग, पावसाळ्यानंतर लावतात ती कांदेबाग, आणि कापलेल्या खोडाच्या बाजूच्या पिलावर पुन्हा धरतात ती पिलबाग. पाहुण्यांच्या मुलाने, जो दहावीत आहे, शांतपणे विचारले, "इतके पाणी येते कुठून?" त्याच्या गावी पाऊस आमच्या चौपटीहून जास्त, म्हणून त्याला हे सुचले. उत्तर सातपुड्याकडे बोट दाखवून द्यावे लागते. डोंगरावरचे पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरते आणि तेच आमच्या विहिरींत आणि बोअरमध्ये येते. मुरते त्यापेक्षा उपसा जास्त झाला आहे, म्हणून बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल जातात. हेही आम्ही सांगितले. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते अभिमानाने सांगायचे आणि पाण्याचे लपवायचे, हे बरोबर नाही.

जेवण शेतातच केले. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. भाजण्याचे काम पुरुषांनी केले. भरितात धुराचा वास जरा जास्त उतरला, असे बायकांचे मत पडले. तिथेच एक गंमत लक्षात आली. आमची मुले घरी उर्दू बोलतात, त्यांची मुले कोकणी बोलतात. दोघांना एकमेकांचे पुरते कळेना. तासाभराने सगळी मराठीत भांडू लागली.

असर पढून हतनूरला गेलो. तापी आणि पूर्णा मिळतात तिथल्या चांगदेवच्या देवळाजवळ थोडे थांबलो. धरणावर परदेशी पक्षी यायला नुकती सुरुवात होते. भरपूर पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत यावे. वाटेवरचे फैजपूर मात्र चुकवू नये. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथलेच, अध्यक्ष पंडित नेहरू. पाहायला आज फारसे काही नाही, पण सातवीपुढच्या मुलांना जागा दाखवून सांगितले की धडा वेगळा वाटतो.

दुसरा दिवस बुऱ्हाणपूरचा. नकाशात ते मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून तासाभराच्या आत माणूस पोहोचतो, आणि इतिहासात तर रावेर हे बुऱ्हाणपूरचे अंगण. फारुकी सुलतानांचे खानदेश राज्य आधी थाळनेरहून, मग याच शहरातून चालले. शहराचे नाव खुलदाबादच्या हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून, आणि तापीपलीकडच्या जैनाबादचे त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्यावरून. फिरिश्त्याने आपल्या इतिहासात लिहिले आहे की नासिर खान फारुकीने जैनुद्दीनसाहेबांना जहागीर देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि त्याऐवजी दोन गावे वसवायला सांगितले. ऐकायला फार सुंदर गोष्ट आहे. पण जैनुद्दीनसाहेबांची वफात 1369 ची आणि नासिर खान गादीवर आला 1399 मध्ये. तारखा जुळत नाहीत. गोष्ट सांगावी, तारखाही सांगाव्यात. पाहुण्याला शिळे वाढत नाही, तसे न पारखलेलेही वाढू नये.

जामा मशिदीत आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. राजा अली खान फारुकीने सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही काळ्या दगडाची मशीद. पंधरा कमानी, दोन उंच मिनार. आतल्या भिंतीवर अरबी शिलालेख आहे आणि त्याच मशिदीत देवनागरी अक्षरांत संस्कृत शिलालेखही आहे. त्यात निर्मात्याला वंदन आहे, फारुकी घराण्याची वंशावळ आहे आणि मशीद बांधल्याची तिथी विक्रम संवत 1646, शके 1511 अशी पंचांगाप्रमाणे दिली आहे. मुलाने बोट न लावता एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली. काही लागले, काही नाही. मग म्हणाला, "सर्वांना दिसेल असे लिहिले आहे, कोणी भांडले नाही का?" याचे उत्तर दगडावर नाही, आणि आम्हीही बनवून दिले नाही. एवढेच सांगितले की एका सुलतानाला आपल्या प्रजेच्या विद्येच्या भाषेत आपल्या मशिदीचा दाखला ठेवावासा वाटला, आणि तो चारशे तीस वर्षांहून जास्त काळ टिकला आहे. आजकाल मुलांच्या मोबाइलवर इतिहासाच्या नावाने जे येते, त्यात हा दगड येत नाही. तो डोळ्यांनी पाहिलेला असणे वेगळे.

जोहरनंतर शाही किल्ला, हमामखान्याच्या छतावरची नक्षी, आणि तापी ओलांडून जैनाबादचा आहूखाना. इथे कोणी ना कोणी भेटतोच आणि सांगतो की ताजमहाल खरा इथेच होणार होता, पण मातीत वाळवी निघाली. ऐकून घ्यावे. पक्के आहे ते एवढे: जून 1631 मध्ये बुऱ्हाणपुरात मुमताज महल बाळंतपणात वारली, तिला जैनाबादच्या बागेत दफन केले आणि डिसेंबरात तिथून आग्र्याला नेले. ते तिचे चौदावे बाळंतपण होते. लग्न 1612 चे. भाभींनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत चौदा. आणि वय?" अडतीस. चौदापैकी सात मुलेच जगली. ताजमहालावर प्रेमाची गाणी पुष्कळ झाली. त्या पडक्या बागेत उभ्या असलेल्या चार बायका मात्र वेगळ्याच गोष्टीवर बोलत होत्या, आणि पुरुषांना ते ऐकावे लागले. बरे झाले.

कुंडी भंडारा पाहताना आदल्या दिवशीचा पाण्याचा प्रश्न पुन्हा निघाला. जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, 1615 च्या सुमारास हे काम झाले. सातपुड्यातून जमिनीखाली उतरणारे पाणी भुयारात अडवून, शंभराहून अधिक विहिरींच्या रांगेतून उताराने शहराकडे आणले. इराणी पद्धत, मोट नाही, पंप नाही. ज्या डोंगराचे पाणी आमचे बोअर ओढतात, त्याच डोंगराचे पाणी ते लोक वाहून येईल तेवढेच घेत होते. आमचे शेतकरी स्नेही बरोबर होते, ते काठावर बराच वेळ वाकून उभे राहिले. काही बोलले नाहीत.

परतीला मावा जिलेबी. मुंबईत रमजानात जिच्यासाठी रांगा लागतात ती बुऱ्हाणपुरी जिलेबी हीच. काळसर, जड, आणि एका माणसाला दोन पुष्कळ.

तिसरा दिवस असीरगड. बुऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटर, खंडव्याच्या रस्त्यावर. दख्खनचा दरवाजा म्हणत याला. वर मशीद आहे, अश्वत्थाम्याच्या कथेमुळे लोक येतात ते शिवमंदिर आहे, इंग्रजांच्या कबरीही आहेत. मशिदीजवळ बसलो तेव्हा मुलाने विचारले, "इथे आपण जिंकलो ना?"

आपण म्हणजे कोण? मशीद बांधणारा राजा अली खान 1597 मध्ये मोगलांच्या बाजूने दख्खनी फौजेशी लढताना मारला गेला. तो फितूर झाला अशा समजुतीने मोगल सैनिकांनी त्याचाच तळ लुटला; प्रेत नंतर सापडले. त्याचा मुलगा बहादूर खान अकबरासमोर झुकला नाही, याच गडावर येऊन बसला. अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला, महिनोन्महिने वेढा चालला आणि जानेवारी 1601 मध्ये गड पडला. गडात साथ पसरली म्हणून, असे अबुल फजल लिहितो. बोलणीसाठी बोलावून बहादूरला अडकवले आणि पैसा वाटला, असे तेव्हाच्या एका जेझुइट पाद्र्याच्या लिखाणावरून दिसते. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, आणि दोन्हीकडे इतर धर्मांचे शिपाई. भांडण गडाचे आणि महसुलाचे होते.

आणि फारुकींना तरी हा गड कसा मिळाला? हे सांगावे की नाही, असा क्षणभर विचार आला, कारण ही बाजू आपल्याकडे कोणी सांगत नाही. फिरिश्त्याच म्हणतो की गड आसा अहिराचा होता. गुराढोरांचा धनी, दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा. नासिर खानाने त्याला निरोप धाडला की शत्रूची भीती आहे, माझ्या घरच्या बायकांना आसरा दे. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांमधून खरेच बायका आल्या. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांमधून हत्यारबंद माणसे उतरली. आसा आपल्या मुलांना घेऊन स्वागताला पुढे आला होता. सगळे तिथेच मारले गेले.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे तो यजमान होता." आमचे स्नेही म्हणाले, "हो. आणि गडाला नाव अजून त्याचेच आहे." लिहून ठेवणारा फिरिश्ताही मुसलमानच होता, सुलतानाची गोष्ट म्हणून त्याने ती झाकली नाही. आम्ही कशाला झाकावी?

पालला या खेपेस वेळ पुरला नाही, तरी येणाऱ्यांनी एक दिवस वाढवून जरूर जावे. आमच्याच तालुक्यातले सातपुड्यातले हे गाव, यावल अभयारण्याच्या जंगलाला लागून. पायथ्याच्या गावांतून तडवी भिल्लांची वस्ती आहे. हे आदिवासी आहेत आणि मुसलमानही आहेत, हे कोकणातल्या कितीतरी जणांना ठाऊक नसते.

येणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ बरा; एप्रिल-मेमध्ये इथे पाहुण्याला बोलावणे म्हणजे सूड घेणे. भुसावळ-खंडवा मार्गावर रावेर आणि बुऱ्हाणपूर दोन्ही स्टेशने आहेत. बुऱ्हाणपुराला शुक्रवारी गेलात तर जुम्याआधी मशीद पाहून घ्यावी किंवा सरळ जुमा तिथेच पढावा. असीरगडावर पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, वजूचे पाणीही. म्हाताऱ्या माणसांना चढ आधी सांगून ठेवावा. लहान मुलांना तटाच्या कडेला सोडू नये. उतरताना रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या दिसतील. घेताना डोळे उघडलेली बघून घ्यावीत, घरी पोहोचेपर्यंत पिकतात.