जन्म नोंदला, मृत्यू नाही

'उपजत' हा मराठी समीक्षेचा लाडका शब्द. कवीची प्रतिभा उपजत, लेखिकेची जाण उपजत. हाच शब्द सरकारी दप्तरात 'उपजत मृत्यू' म्हणून येतो, तेव्हा मात्र साहित्याचा अभ्यासक त्याच्यापाशी क्वचितच थांबतो.

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 'जन्म' या संज्ञेत मृत जन्माचाही समावेश आहे. 'मृत्यू' मात्र जिवंत जन्मानंतरच होऊ शकतो. म्हणजे पोटातच गेलेल्या मुलाला जन्म आहे, मृत्यू नाही. नोंदवहीला अशी व्याख्या लागते, हे मान्य. पण शोकालाही तीच का लावायची? 'बाई सुटली ना सुखरूप', 'दुसरं होईल' ही वाक्ये सांत्वनाची नव्हेत. झालेला मृत्यू झालाच नाही, असे आईबापांना बजावणारी आहेत.

खेड्यातली बाई सोसते, धीर देणे-बोलते करणे हे शहरी चोचले, असा यावर एक ठरलेला युक्तिवाद असतो. तो करणाऱ्यांनी लोहारा तालुक्यातले सास्तूर आठवावे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात हे गाव उद्ध्वस्त झाले. तिथला शोक कोणी चोचला ठरवला नाही. देशभरातून माणसे धावून आली. भूकंपानंतरच तिथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. शोकाला सोबत लागते, हे ज्या मातीने पाहिले, तिथल्या बाईला ती प्रसूतिकक्षात लागत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

प्रश्न कोण्या एका रुग्णालयाचा नाही, रीतीचा आहे. बाळ गेले आहे, हे आडवळणाने न सांगता आईला आणि बापाला एकत्र बसवून स्पष्ट शब्दांत सांगावे. तिची खाट इतर बाळंतिणींच्या रांगेत ठेवू नये. बाळाला पाहायचे आहे का, हातात घ्यायचे आहे का, हे तिलाच विचारावे. वडीलधाऱ्यांनी परस्पर गाठोडे उचलू नये. दोन-तीन दिवसांत पान्हा फुटेल, तेव्हा काय करायचे, हे घरी पाठवण्याआधी सांगावे. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

सप्टेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी ६० दिवसांची विशेष रजा दिली. रोजंदारीवर खुरपायला जाणारीला ती कोण देणार? २०१४च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३०पर्यंत मृत जन्मांचे प्रमाण हजारी दहाच्या खाली आणायचे ठरवले. उद्दिष्ट योग्यच, पण ते गाठले तरी उरलेल्या आया उरतातच.

आनंदीबाई जोशींचे दहा दिवसांत गेलेले मूल आपल्याला ठाऊक आहे, ते त्यांच्या १८८६च्या वैद्यकीय पदवीमागचे कारण म्हणून. चौदा वर्षांच्या त्या आईचा शोक आपल्या चरित्रपर लेखनात पायरीपुरता उरतो. ज्या आयांच्या शोकातून अशी कीर्ती निपजत नाही, त्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

मराठी विभागांत 'उपयोजित मराठी' शिकवली जाते: जाहिरात, बातमी, निवेदन. रात्रपाळीच्या परिचारिकेने त्या खाटेपाशी कोणती चार वाक्ये बोलावीत, हेही मराठीचेच उपयोजन आहे. ती वाक्ये डॉक्टर, परिचारिका आणि अशा आया यांच्यासोबत बसून लिहिण्याचे काम भाषेच्या लोकांचे आहे. तेवढे होत नसेल, तर स्त्रीच्या वेदनेवरची चर्चासत्रे काही वर्षे बंद ठेवावीत.