परातीएवढी छत्री आणि आषाढातला पाऊस

आषाढात कोकणातल्या वाडीवर संध्याकाळच्या बातम्या लागतात आणि दहाव्या मिनिटाला पडद्यावर चौकोन-चौकोन उमटून ‘नो सिग्नल’ची पाटी येते. दुरुस्तीला येणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘तुमच्याकडे रेंजच वीक आहे, बूस्टर घ्या.’ हे निदान चुकीचं आहे, आणि त्याचे पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात.

डीटीएचचा उपग्रह म्हणजे डोंगरापलीकडचा मोबाइल टॉवर नव्हे. तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ घ्या. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे रत्नागिरीतून पाहिलं तर आग्नेयेला आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. इतक्या वर पाहणाऱ्या छत्रीला सह्याद्री सहसा आडवा येत नाही. येतो तो परसातला माड. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच झाड त्या दिशेला सहा मीटरच्या आत असेल, तर ओल्या झावळ्या चित्र खाणारच. छत्री बसवली तेव्हा कमरेएवढं असलेलं फणसाचं रोपही दहा वर्षांनी तेच करतं.

सिग्नल खरोखरच पुरत नाही असा मुलुख म्हणजे अंदमान-निकोबार. तिथे दूरदर्शनला सी-बँडवर वेगळी डीटीएच सेवा द्यावी लागली. कोकणाची गोष्ट तशी नाही. मार्गशीर्षात इथलं चित्र लखलखीत असतं.

मग पावसातच का जातं? घरगुती डीटीएच चालतं केयू-बँडवर. त्याची तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, आणि पावसाचे टपोरे थेंब अशा लहरी शोषतात, विखुरतात. सी-बँडच्या लहरी त्याच्या तिप्पट लांब; म्हणून केबलवाल्याच्या गच्चीवरची जुनी मोठी छत्री मुसळधारेतही तग धरते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी तिथेही बहुतेक घरांवर तीच साठ सेंटीमीटरची, परातीहून थोडी मोठी छत्री दिसते, जी कोरड्या मुलखात बसते. नव्वद सेंटीमीटरची बसवली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि पडणाऱ्या सिग्नलचा वाटाही तेवढाच वाढतो. झोत जसा तशी छत्री, हे आपल्याकडे नवं नाही. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम दाखवले गेले, तेव्हा तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री वापरली होती.

बूस्टरचं काय? गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून मधोमध कर्णा लावला, तर गोंगाटही तेवढाच मोठा होतो. लांबलचक केबलमध्ये होणारी घट त्याने भरून निघते, इतकाच त्याचा उपयोग. त्यापेक्षा पाऊस थांबल्यावर कोणीतरी शिडी लावून एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावरच्या रिसीव्हरच्या, मागचा कनेक्टर उघडून पाहावा. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो, आणि आरजी-६ केबल सोलली की आतल्या जाळीतून पाण्याचा थेंब ठिबकतो. चाळीस रुपयांचं रबरी टोपण आणि कनेक्टरच्या खाली केबलला दिलेला एक झोल, एवढ्याने हे टळलं असतं. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधायचा गावठी उपायही उलटतो. तिच्या सुरकुत्यांत पाणी साचतं आणि तेच आड येतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ढगफुटीसारख्या सरीत नव्वदची छत्रीही दहा-पंधरा मिनिटं हार मानते. शिवाय छत्री मोठी तशी तिची नजर अरुंद: साठ सेंटीमीटरला सुमारे तीन अंशांची मोकळीक असते, नव्वदला दोनच. जांभ्याच्या चिऱ्यात ठोकलेले बोल्ट वाऱ्याने सैल झाले की मोठी छत्रीच आधी भरकटते. तिला पक्क्या पायावरचा खांब लागतो, आणि तो खर्च आहेच.

पण तो कोणी करायचा? छत्रीचा आकार कंपनी ठरवते, ग्राहक नाही. तेव्हा अतिवृष्टीच्या जिल्ह्यांत मोठी छत्री जोडणीतच द्यावी. बसवताना सेट-टॉप बॉक्सवरचा ‘क्वालिटी’चा आकडा पावतीवर लिहावा; कारण कारागीर ‘स्ट्रेंग्थ’ दाखवून मोकळे होतात, आणि स्ट्रेंग्थ ऐंशी असूनही चित्र फाटू शकतं. फ्री डिशचा सगळा संच लोक बाजारातून स्वतः घेतात, म्हणून तिथे दूरदर्शननेच कुठल्या जिल्ह्याला किमान केवढी छत्री, हे जाहीर करावं. आणि आकडा पावतीवर नसेल, तर पावसाळ्यातल्या तक्रारीला ‘व्हिजिट चार्ज’ लावू नये.

– एक वाचक, रत्नागिरी