सांध्याचा धनी कोण?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये एक सोवळा पंथ आहे. एका प्रकल्पात एकच संगणकभाषा असावी, सगळ्यांनी तीच शिकावी, तिच्यातच लिहावे, म्हणजे घोळ होणार नाहीत, असे तो सांगतो. दुसरा पंथ हौशी. प्रत्येक कामाला नवी भाषा घ्या, पुढच्या वर्षी आणखी नवी आली की तीही घ्या, असा त्याचा खाक्या. मी व्यवसायाने भाषांतरकार. गेली काही वर्षे कथा-कवितांबरोबर फॉर्म, सूचना आणि पडद्यावरचे मजकूरही मराठीत आणते, त्यामुळे हे भांडण जवळून ऐकते. माझा दोघांवरही आक्षेप आहे. दोघे भाषा मोजत बसतात. मोजायचे तर सांधे मोजावेत: एका भाषेतून दुसरीत माहिती कुठे जाते, आणि तिथे काय ठरले आहे हे कोणी लिहून ठेवले आहे.

आधी सोवळ्यांबद्दल. एकभाषी प्रकल्प असतो तरी कुठे? साधे संकेतस्थळ घ्या. मजकुराची रचना एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये, बटण दाबल्यावर काय व्हावे ते जावास्क्रिप्टमध्ये आणि साठवलेली माहिती बहुधा एसक्यूएलने काढलेली. ‘आमचे सगळे जावास्क्रिप्टमध्येच असते’ म्हणणाराही यातल्या तीन-चार भाषांत रोज लिहीत असतो. आणि फरक नुसत्या शब्दांचा नसतो, विचार करण्याच्या रीतीचा असतो. एसक्यूएलला ‘दुर्ग जिल्ह्यातले वर्गणीदार दे’ एवढेच सांगायचे, ते कसे शोधायचे ते तिचे ती पाहते. जावास्क्रिप्टला सहसा पायरीपायरीने सांगावे लागते. घरात ‘आज पिठलं-भाकरी कर’ म्हणणे वेगळे आणि पिठल्याची कृती सांगणे वेगळे. हिशेबनीस एक्सेलच्या चौकटीत सूत्र लिहितो ती तिसरी रीत. तिथे क्रम सांगायचाच नसतो, कोणता आकडा कशावर अवलंबून आहे एवढे सांगायचे. त्या हिशेबनिसाला कोणी प्रोग्रामर म्हणत नाही, पण तो जे लिहितो ती आज्ञावलीच असते.

मी भिलाईत राहते. इथला पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली. मधल्या काळात, १९५६ मध्ये, आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा झाला. म्हणजे फूट-पौंडात शिकलेले आपले अभियंते आणि मीटर-किलोग्रॅममध्ये काम करणारे सोव्हिएत अभियंते एकाच बांधकामावर होते. दुभाषी हवाच होता. पण आकड्यापुढचे एकक कोणते हे ठरलेले नसेल, तर उत्तम दुभाष्याच्या हातूनही वाकडाच खांब उभा राहील.

पोलाद उद्योगाने हा धडा सॉफ्टवेअरमध्येही गिरवलेला दिसतो. कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकांना पीएलसी म्हणतात. त्यांच्या आज्ञावलींसाठी आयईसी ६११३१-३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पहिल्यांदा १९९३ मध्ये निघालेले. त्या एका मानकात पाच भाषा होत्या. ‘लॅडर’ ही शिडीसारखी दिसणारी चित्रभाषा. जुन्या रिले-पॅनेलचे नकाशे वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती नव्याने शिकावी लागत नाही. ठोकळे जोडून संकेतांचा प्रवाह दाखवणारी दुसरी, कामाचे टप्पे मांडणारी तिसरी, गणिती सूत्रांना सोयीची, पास्कलच्या वळणाची चौथी, आणि यंत्राच्या बोलीजवळची पाचवी. ही पाचवी २०१३ च्या आवृत्तीने मावळतीकडे ढकलली. एकाच पट्ट्याचे, एकाच पंपाचे काम यांतल्या दोन-तीन भाषांत मिळून लिहिता येते.

हौशींनी इथे जरा थांबावे. या भाषा नवेपणासाठी घेतलेल्या नाहीत. रात्री अडीच वाजता पट्टा बंद पडला की पडद्यासमोर कोण उभा राहणार, त्याला काय वाचता येते, हे पाहून त्या ठेवल्या आहेत. सोवळ्यांनीही पाहावे: या मानकाने भाषांच्या आधी सामायिक भाग ठरवला. पूर्णांक म्हणजे काय, दशांशी संख्या म्हणजे काय, वेळ कशी लिहायची, हे पाचही भाषांना एकच. पाच सेकंद म्हणजे नुसता ‘५’ नव्हे, त्याच्यासोबत सेकंदाची खूण असते. भाषा पाच, पण सांधा एक आणि तो लेखी.

आता हाच विचार मराठी मजकुराला लावून पाहा. ‘क्षमा’ या शब्दात अक्षरे किती? वाचणारा म्हणेल, दोन. जावास्क्रिप्ट म्हणेल, पाच: क, हलन्त, ष, म आणि काना. गो ही भाषा म्हणेल, पंधरा. कुणीही खोटे बोलत नाही. जावास्क्रिप्ट १९९५ ची, युनिकोडचे प्रत्येक चिन्ह सोळा बिटांत मावेल असे मानले जाण्याच्या काळातली, म्हणून ती सोळा बिटांचे तुकडे मोजते. गो भाषेच्या तीन कर्त्यांपैकी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीच १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत आखली होती. साहजिकच ती शब्दाची लांबी बाइटांत मोजते, आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा तंटा दिसतच नाही. त्याच्या लेखी पाच म्हणजे सगळीकडे पाच.

भाषांतरासाठीच्या एका अनुदानाचा अर्ज मी मराठीत भरला होता. मर्यादा १,००० अक्षरांची. पडद्यावरचा मोजणारा आकडा ९४० दाखवत होता, आणि ‘पाठवा’ दाबले की उत्तर येत होते: मजकूर मर्यादेपेक्षा मोठा आहे. समोरचा भाग चिन्हे मोजत होता आणि मागचा बाइट. मुदत त्याच रात्री संपत होती. मदतकेंद्राने सुचवलेला उपाय असा: मजकूर इंग्रजीत द्या, जाईल. मराठीत भाषांतर करण्यासाठीचे अनुदान, आणि त्यासाठी मराठी टाकून या! दोन संगणकभाषांनी आपसात न ठरवलेल्या गोष्टीचा दंड तिसऱ्याच भाषेने भरायचा, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरे उदाहरण याहून छुपे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येते. ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, ‘र’ खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसावीत अशी अपेक्षा असते. स्विफ्ट ही भाषा पहिल्या दोन तऱ्हा एकच मानते. पायथन, जावास्क्रिप्ट आणि गो आपणहून तसे मानत नाहीत, त्यांना वेगळे सांगावे लागते. तिसरी तऱ्हा तर युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही पहिल्या दोनांशी जुळत नाही. नाव एका भाषेतल्या आज्ञावलीने नोंदवले आणि दुसरीतल्या आज्ञावलीने शोधले, तर माणूस यादीत असूनही सापडणार नाही. ती यादी शिष्यवृत्तीची असू शकते, मतदारांचीही.

सोवळ्यांचे उत्तर मला ठाऊक आहे: ‘पाहा, दोन भाषा आणल्या म्हणूनच हे झाले.’ त्यात तथ्य आहे. दोन्ही टोकांना जावास्क्रिप्ट असती तर त्या रात्री माझा अर्ज कदाचित गेला असता. दुसऱ्या भाषेची किंमत खरीच असते. ती जाणणारा एकमेव माणूस नोकरी सोडून गेला की त्या कोपऱ्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. पण एकच भाषा ठेवल्याने सांधे जात नाहीत. मागच्या डेटाबेसचा रकाना अक्षरांत मोजतो की बाइटांत, हा प्रश्न तसाच उरतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान ५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली आडा या एकाच, शिस्तीसाठी नावाजलेल्या भाषेत होती. चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांच्या जागेत मावली नाही. तो भाग एरियान ४ वरून जसाच्या तसा आणलेला होता. जुन्या अग्निबाणाच्या वेगात ती संख्या मावत असे. भाषा तीच, शब्द तेच, फक्त संदर्भ बदलला. भाषांतरकाराला हे समजावून सांगावे लागत नाही.

उलट दिशेचा दाखलाही आहे. पायथनमध्ये मोठी समीकरणे सोडवणाऱ्याच्या पायाखाली बऱ्याचदा लॅपॅक हा १९९२ चा संग्रह असतो, मूळ फोर्ट्रानमध्ये लिहिलेला. फोर्ट्रान आकड्यांचा तक्ता स्तंभाने मांडते, सी ओळीने. घोळाला याहून चांगले आमंत्रण नसेल. पण पायथनच्या नमपाय या संग्रहात प्रत्येक तक्ता आपली मांडणी कोणती याची नोंद सोबत वागवतो. त्यामुळे १९५७ ची भाषा १९९१ च्या भाषेशी मुकाट्याने काम करते. इथे सांध्याला धनी आहे.

शेवटी आपल्या साहित्यिक मंडळींशीही माझे भांडण आहे. बहुभाषी आज्ञावली म्हणजे जणू आपला बहुभाषी देश, अशी टाळ्यांची वाक्ये चर्चासत्रांत ऐकू येतात. भिलाईच्या बाजारात छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, मराठी एकमेकींत मिसळतात तेव्हा चूकभूल पोटात घालणारी माणसे दोन्ही बाजूंना असतात. ग्राहक चुकीचा शब्द वापरतो, दुकानदार हसून योग्य डबा काढतो. यंत्र तसा डबा काढत नाही. त्यामुळे विविधतेचे कौतुक करून आपले काम संपत नाही. आपण जोडाक्षरे जाणणारे लोक आहोत, तर सांध्यावर जाऊन बसले पाहिजे.

सरकारी असो वा खासगी, मराठीत अर्ज घेणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरकडे माझ्या तीन मागण्या आहेत. जिथे एक भाषा दुसरीला मजकूर देते तिथे मोजमाप, साठवणीची पद्धत आणि अक्षराचे मान्य रूप लेखी असावे. त्या कागदावर एका जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. ती बदली होऊन गेली तर पुढचीचे. आणि काम स्वीकारण्यापूर्वीची चाचणी इंग्रजी शब्दांवर न उरकता ‘क्षमा’, ‘ऱ्हस्व’ आणि ‘कुऱ्हाडे’ हे शब्द एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाला, शोधासकट, जसेच्या तसे निघतात का ते पाहून व्हावी. एवढे झाले तर भाषा पाच वापरा की पंधरा, माझी हरकत नाही.