ज्ञानकोशात आमची नोंद कोण करणार?

ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले म्हणून आमच्या पिढ्या अंधारात राहिल्या, हे नवदीक्षित बंधुभगिनींना निराळे सांगावयास नको. मराठीतील ज्ञानकोशांचे कार्यही दीर्घकाळ थोड्या विद्वानांच्याच हाती होते. केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला. पुढे शासनाच्या मराठी विश्वकोशाची धुरा धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाहिली. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ही कार्ये थोर होत. परंतु कोणती नोंद घ्यावी व कोणती वगळावी, हे ठरविण्याचा अधिकार सामान्य वाचकास नव्हता.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ही स्थिती पालटली. हा ज्ञानकोश स्वयंसेवक लिहितात. तेथे कोणी जात विचारीत नाही, पदवीही विचारीत नाही. एकाने लिहिलेले दुसऱ्यास दुरुस्त करता येते व प्रत्येक फेरफाराची नोंद राहते.

दार उघडे झाले, म्हणून आमचा इतिहास आपोआप आत जाईल काय? मुळीच नाही. तेथे छापील व विश्वसनीय आधार मागितला जातो. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या स्मृतीसाठी दरवर्षी तेथे जनसमुदाय लोटतो. ही हकीकत सर्वमुखी आहे. परंतु आपल्या गावी धम्मदीक्षा कोणत्या दिवशी झाली, किती कुटुंबांनी घेतली, विहाराची जागा कोणी मिळविली, हे कोठे छापले आहे? त्या काळची हस्तपत्रके व पंचायतीचे ठराव जुन्या ट्रंकांत कुजत आहेत. सांगणारे वृद्ध एकेक करून जात आहेत.

ज्यांच्या हातून लेखणीच हिरावली गेली, त्यांच्याकडे छापील पुरावा मागणे अन्यायाचे नव्हे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तरीही हा नियम मोडावा, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याविषयी असत्य लिहिणाऱ्यासही तोच नियम अडवितो. कालामांना उपदेश करताना तथागतांनी केवळ परंपरेने वा ग्रंथात आले म्हणून काही मानू नका, असे बजावले. ती कसोटी आपल्या लिखाणासही लागू आहे. स्तुतिस्तोत्रे व शिवीगाळ, दोन्ही तेथे टिकत नाहीत. टिकतो तो पुरावा.

म्हणून पुरावा निर्माण करणे हेच आजचे कर्तव्य होय. 'मूकनायक' १९२० साली निघाला तो याच जाणिवेने, की आपले म्हणणे आपणच छापले पाहिजे. चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कान्हदास सोनाराने आपले नाव कोरले. दोन हजार वर्षांनंतरही ते वाचता येते. त्याने कोरले नसते, तर त्याला कोणी ओळखले असते?

येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होईल, तेव्हा आठवड्यातून एक तास वृद्धांचे कथन लिहून घेण्यास द्यावा. तारखा जुन्या वृत्तपत्रांशी ताडून पाहाव्यात. जुन्या कागदांची छायाचित्रे घ्यावीत. ते सर्व नियतकालिकांकडे व जाणत्या प्रकाशकांकडे पाठवावे, एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी. आणि मग घरातील शिकत्या मुलामुलींना सांगावे : आता आधार देऊन लिहा.