नदीची नाडी



२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि पाण्यावरील समान हक्काचा उद्घोष केला. बॉबलिंगेनमध्ये आपण नळाचे पाणी निःशंकपणे पितो. परंतु शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी पोटात घेणाऱ्या श्विपे नदीची प्रकृती कोण विचारतो?

पाण्याचा एक नमुना तपासणे म्हणजे रुग्णाचा एका क्षणाचा ताप मोजणे होय. नदीतळाच्या दगडांखालील जीव मात्र अनेक महिन्यांचा वृत्तांत सांगतात. स्टोनफ्लायच्या अळ्यांना भरपूर प्राणवायू लागतो. ट्युबिफेक्स कृमी सांडपाण्यातही तग धरतात. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशाने मासे, तळजीव व वनस्पती यांवरून नदीच्या पाच श्रेणी ठरविल्या. त्यांतील सर्वांत वाईट निकाल हाच नदीचा निकाल! या कसोटीवर समृद्ध जर्मनीतील बहुतांश नद्याही ‘चांगल्या’ ठरत नाहीत.

महाडची सावित्री नदीही कारखान्यांच्या सांडपाण्याने पीडित झाली आहे. तिचीही अशीच जैविक तपासणी नियमितपणे व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीतून जनतेपुढे यावेत, ही मागणी आपल्या संस्थेने केली पाहिजे. विषारी पाण्यावरील समान हक्क हा हक्क नव्हे.

जय भीम!