दुभत्या गायीच्या लाथा

दुभत्या गायीच्या लाथा गोड, ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की गाय लाथ मारते ती का, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. म्हणीत फक्त लाथ खाणाऱ्याचा हिशोब आहे. दूध मिळतंय ना, मग सोस.

मी सरकारी कारकून, बीए मराठी. गुरांच्या डॉक्टरकीशी माझा संबंध नाही, पण वाचता येतं आणि दिसतं. दोहायला बसलं की पाय झाडणाऱ्या गायीला 'लाथाळ' म्हणून आपण मोकळे होतो, मागचे पाय दोरीने बांधतो आणि दोहतो. त्यातल्या कितींची कास सुजलेली असते? कासदाह, म्हणजे शेतकरी ज्याला दगडी म्हणतात तो रोग. नाव ठेवणाऱ्याने अचूक ठेवलंय. सडाच्या छिद्रातून जंतू आत जातात, कास लाल आणि गरम होते, दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, कधी रक्त. असा सड दिवसातून दोनदा, तोही पुष्कळदा अंगठा मुडपून, पिळायचा आणि ती हलली की ती लाथाळ!

'जनावराला एवढं काय कळतं' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. परदेशात याची मोजमापं झाली आहेत. कासदाह झालेली गाय मागचे पाय फाकून उभी राहते, आणि एरवी दिवसाचे दहा-बारा तास बसून रवंथ करणारी ती बसायचंच कमी करते, कारण बसलं की कासेवर दाब येतो. दुखणं लपवणं हा तर तिच्या जातीचा स्वभाव, रानात लंगडणाऱ्यालाच वाघ आधी धरतो. म्हणजे लाथ मारेपर्यंत तिने बरंच सोसलेलं असतं.

माझ्या हाती आलेल्या माहितीपत्रकांत कासदाहावर सगळं होतं. दूध किती घटतं, सड बाद झाला तर नुकसान किती. 'दुखतं' हा शब्द मात्र कुठे सापडला नाही. सडात प्रतिजैविकाची ट्यूब चढवली की उपचार संपला. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम आहे, युरोपात तीव्र कासदाहात प्रतिजैविकाबरोबर ते देण्याला मान्यता आहे, आपल्याकडेही ते मिळतं. गिधाडं मरतात म्हणून आपण जनावरांचं डायक्लोफेनॅक २००६ साली बंद केलं, २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही. उत्तम केलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांनाही सुरक्षित आहे. मग अडलं कुठे?

कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात छळाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. हल्ली पन्नास रुपयांत एक लिटर दूधही नीट येत नाही.

गोव्यात १९७८ पासून गोहत्याबंदीचा कायदा आहे. त्यावरून भाषणं किती झाली ते मोजू नये. गोरवांच्या पाडव्याला आपण गायीला ओवाळतो, गळ्यात माळ घालतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सुजलेली कास पिळतो. भक्ती मानेपर्यंतच. कामधेनू योजनेत गाय घ्यायला अनुदान आहे, ते हवंच. पण आपल्या ओल्या पावसाळ्यात, शेण-मुताने निसरड्या झालेल्या गोठ्यात ती बसते कशावर, हेही विचारा.

शेतकरी गरीब, त्याला कुठे परवडतं, असं म्हणतील. मान्य, म्हणूनच मी शेतकऱ्याशी भांडत नाही. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गाठी बघणं, दोहल्यावर सड आयोडीनमध्ये बुडवणं, मग वैरण घालून अर्धा तास गायीला उभं ठेवणं म्हणजे सडाचं तोंड मिटतं, यात खर्च तो किती? भांडण आहे ते दराच्या पद्धतीशी. संस्थेत दूध फॅट आणि एसएनएफवर मोजतात. युरोपात दुधातल्या कायिक पेशी मोजतात, मिलीलिटरला सरासरी चार लाखांवर गेल्या की दूध चालत नाही. वरून न दिसणारा कासदाह ओळखायची साधी कॅलिफोर्निया चाचणी १९५७ पासून आहे, ट्रेमध्ये दूध आणि औषध हलवायचं, जेली झाली की समजायचं. निरोगी कासेला लिटरमागे थोडा जादा दर द्या, मग बघा गोठे कसे कोरडे होतात.

आणि उपचाराच्या कागदावर 'वेदनाशामक दिले का' असा एक रकाना घाला. फॉर्ममध्ये रकाना वाढवायला काय लागतं ते मला विचारा, तेवढं एक काम मला येतं.