बीजस्वभाव, जनुके आणि स्थौल्यचिकित्सा

लाळेच्या नमुन्यावरून जनुके तपासून 'आपणास कोणता आहार मानवेल' हे सांगणाऱ्या चाचण्यांचे प्रतिनिधी आता चिकित्सालयांत आणि औषधांच्या दुकानांतही येऊ लागले आहेत. काही वैद्यबंधू या अहवालास प्रकृतिपरीक्षणाची जोड देऊन स्थौल्यचिकित्सेची 'पॅकेजे' आखत असल्याचे कानी येते. यात घाई होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

बीजाचा विचार आपणास परका नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थौल्याची कारणे सांगताना अतिसंतर्पण, अव्यायाम, दिवास्वप्न यांच्यासोबत बीजस्वभावही गणला आहे. म्हणून चरकांना जनुके ठाऊक होती असे मात्र कृपया कोणी म्हणू नये. त्याने चरकांचा मान वाढत नाही आणि आपले हसे होते.

एफटीओ या जनुकाचा स्थौल्याशी असलेला संबंध २००७ साली उघड झाला. त्याचे जोखमीचे रूप माता व पिता दोघांकडूनही आलेल्या प्रौढांचे वजन, ते मुळीच न आलेल्यांपेक्षा, सरासरी सुमारे ३ किलोने अधिक आढळले. पुढील अभ्यासांतून या रूपाचा संबंध अधिक आहाराशी व मंद तृप्तीशी असल्याचे दिसले. म्हणजे बीज आपला प्रभाव बव्हंशी भुकेच्या वाटेने दाखविते. मेदाने मार्ग रोधल्यामुळे कोष्ठातील वायू अग्नीला चेतवितो आणि स्थूल मनुष्य वारंवार आहार मागतो, हे वर्णन शिकविताना ही गोष्ट आठवावी. शिवाय दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या २०११ सालच्या एकत्रित विश्लेषणात, शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकाचा स्थौल्यावरील प्रभाव सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. बीज हे विधिलिखित नव्हे.

मग अहवाल पाहून आहार ठरवावा काय? स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलो, तर कमी पिष्टमय आहार घेणाऱ्यांचे ६ किलो घटले. जनुकांना 'अनुकूल' मानलेला आहार मिळाल्याने कोणाचाही विशेष लाभ झाला नाही. दोन्ही गटांत व्यक्तिभेद प्रचंड होता, कोणाचे वजन बरेच घटले, कोणाचे उलट वाढले. परंतु तपासलेल्या जनुकांनी तो उलगडला नाही.

याहून गंभीर बाब २०१९ साली त्याच विद्यापीठातून पुढे आली. सहभागी व्यक्तींना त्यांच्या जनुकांविषयी खरा निष्कर्ष न सांगता यदृच्छेने ठरविलेला निष्कर्ष सांगण्यात आला. व्यायामाला जनुक प्रतिकूल असल्याचे ज्यांना सांगितले, त्यांची व्यायामक्षमता खरोखर घटली, मग जनुक प्रत्यक्षात कसेही असो. तृप्ती लवकर होते असे ज्यांना सांगितले, त्यांना तेवढ्याच अन्नाने अधिक तृप्ती जाणवली. वैद्याच्या तोंडचा शब्दही औषधासारखा गुण वा अवगुण देतो. 'हे तुमच्या घराण्यातच आहे' असे आपण किती सहज बोलून जातो!

त्यामुळे बीजाचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी करावा. माता-पित्यांची शरीरयष्टी, वजन कोणत्या वयापासून वाढले, भूक लागून जेवण होते की समोर आले म्हणून, पोट भरल्याची जाणीव केव्हा होते, हे नोंदवावे. ज्याची भूक तीव्र आहे त्यास उपाशी ठेवणे व्यर्थ. गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार, म्हणजे जव, कुळीथ, मूग, ठरलेल्या वेळी द्यावा आणि फरसाणाचे डबे घरातून हलवावेत. भूक साधारण, पण बैठे काम व दुपारची झोप असलेल्या रुग्णास ताटापेक्षा दिनचर्या आधी बदलावी लागते. मेदोहर गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकास यातील दोन प्रश्न दुकानदारही विचारू शकतो.

चाचणीचा खरा अधिकार वेगळ्याच रुग्णाला आहे. पहिल्या चार-पाच वर्षांतच अतिस्थूल झालेले आणि भूक कधीच न शमणारे बालक आले, तर लेप्टिन वा एमसी४आर यांसारख्या एकाच जनुकातील दोषाची शंका घ्यावी. अशा काही दुर्मीळ विकारांसाठी सेटमेलॅनोटाइड या औषधास अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली आहे. त्या बालकास आपल्या काढ्यांवर अडकवून न ठेवता, तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे चिठ्ठी देऊन त्याच आठवड्यात धाडावे.